प्रूव्हर पुन्हा पुन्हा ‘टाइमआउट’ देतोय? वेळ वाढवण्याआधी फाइल तपासा

प्रूव्हर म्हणजे अ‍ॅक्सियमवरून (गृहीत विधानांवरून) कन्जेक्चरची (सिद्ध करायच्या विधानाची) सिद्धता आपोआप शोधणारा प्रोग्राम. लक्षण ओळखीचं आहे. अ‍ॅक्सियम लिहिले, कन्जेक्चर लिहिलं, फाइल व्हॅम्पायर किंवा ‘ई’ या प्रूव्हरला दिली. मिनिटभर पंखा घरघरला आणि शेवटच्या ओळीत ‘टाइमआउट’ आलं. मग वेळ ६० सेकंदांची ३०० केली, मग मशीन रात्रभर चालू ठेवलं. सकाळी ओळ तीच, फक्त मेमरी भरलेली.

हे प्रूव्हर फर्स्ट-ऑर्डर लॉजिकमध्ये, म्हणजे वस्तू, त्यांची नाती आणि ‘सगळे’, ‘काही’ यांच्या तर्कभाषेत काम करतात, आणि तिथे हे पूर्णपणे टळणार नाही. कुठलंही विधान वैध आहे की नाही हे दरवेळी ठरवून देणारी रीत असूच शकत नाही, हे चर्च आणि ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये दाखवलं. विधान वैध असेल तर सिद्धता कधी ना कधी सापडते. नसेल तर शोध कायमचा चालू राहू शकतो. म्हणजे टाइमआउटचा अर्थ ‘अजून सापडलं नाही’ असाही होतो आणि ‘सापडण्यासारखं काही नाहीच’ असाही, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पण रोजच्या कामात येणाऱ्या बहुतेक टाइमआउटचा दोष चर्च-ट्युरिंगवर ढकलता येत नाही. तो आपण लिहिलेल्या फाइलमध्ये असतो. म्हणून खालचा क्रम: आधी विधान, मग लिखाण, मग रचना, आणि सगळ्यात शेवटी वेळ.

(सूत्रांमधली नावं आणि प्रूव्हरच्या ऑप्शनची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. कमांड लाइनवर अर्थातच मूळ स्पेलिंग लागेल.)

शेवटची ओळ नीट वाचा

टीपीटीपी (प्रूव्हरांच्या फाइलींचं प्रचलित रूप) पद्धतीचे प्रूव्हर शेवटी ‘एसझेडएस स्टेटस’ छापतात. ‘थिअरम’ म्हणजे काम झालं. ‘काउंटरसॅटिस्फायेबल’ म्हणजे अ‍ॅक्सियम खरे असूनही कन्जेक्चर खोटं ठरवणारं मॉडेल (वस्तूंचं एक काल्पनिक जग) आहे, म्हणजे या अ‍ॅक्सियमवरून ते सिद्ध होणारच नाही. ‘गेव्हअप’ म्हणजे वेळ शिल्लक असताना प्रूव्हरने हात टेकले. बहुतेक वेळा निवडलेली स्ट्रॅटेजी अपूर्ण असते, काही क्लॉज (‘किंवा’ने जोडलेली वाक्यं, ज्यांत प्रूव्हर फाइल फोडतो) मुद्दाम टाकून दिलेले असतात, त्यामुळे शोध संपला तरी निष्कर्ष काढता येत नाही. अशा वेळी वेळ वाढवून काडीचा फरक पडत नाही, स्ट्रॅटेजी बदलावी लागते. आणि ‘थिअरम’च्या जागी नुसतं ‘सॅटिस्फायेबल’ दिसलं, तर प्रूव्हरला फाइलमध्ये कन्जेक्चर मिळालेलंच नाही. रोल (फाइलमधल्या प्रत्येक वाक्याचा प्रकार) लिहिताना त्यावरही ‘अ‍ॅक्सियम’ असा शिक्का पडलाय का ते बघा.

प्रूव्हर९ वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. तिथे ‘एसओएस एम्प्टी’ (वाट बघणाऱ्या क्लॉजची यादी रिकामी) म्हणून शोध थांबला की अनेकजण ‘सिद्धता नाही’ असा अर्थ घेतात. पण प्रूव्हर९ मुळातच १०० पेक्षा जास्त वजनाचे क्लॉज फेकतो आणि वाट बघणाऱ्या क्लॉजची यादी २०,००० च्या आसपास रोखतो. या दोन मर्यादांमुळे एकही क्लॉज गेला असेल तर रिकामी यादी काहीच सिद्ध करत नाही.

विधान मुळात सिद्ध होण्याजोगं आहे का?

टाइमआउट आल्यावर पहिलं काम प्रूव्हर बंद करून मॉडेल फाइंडर चालवणं. मेस४, पॅराडॉक्स किंवा व्हॅम्पायरचाच ‘एफएमबी’ सॅच्युरेशन अल्गोरिदम यापैकी काहीही चालेल. ही साधनं लहानापासून सुरू करून वाढत्या आकाराचे सांत (मोजक्या वस्तूंचे) डोमेन घेतात आणि प्रत्येक आकारासाठी, प्रश्न सॅटच्या (नुसत्या खऱ्या-खोट्याच्या) भाषेत उतरवून किंवा मेस४ सारखं थेट, अ‍ॅक्सियम खरे, कन्जेक्चर खोटं असं मॉडेल शोधतात. छोटं मॉडेल असेल तर बहुधा काही सेकंदांतच हाती येतं, आणि ते वाचलं की कुठला अ‍ॅक्सियम राहिलाय हे लगेच उमगतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, तसा हा प्रकार.

एक नमुना. सिग्नलचं वर्णन करताना अ‍ॅक्सियम लिहिला ‘रंग(सि) = लाल’, आणि सिद्ध करायचं आहे ‘रंग(सि) ≠ हिरवा’. माणसाला हे सांगायची गरज नाही. मॉडेल फाइंडर मात्र आकार १ चं मॉडेल देतो: डोमेनमध्ये एकच वस्तू, लाल तीच, हिरवा तीच, सिग्नलही तीच. फर्स्ट-ऑर्डर लॉजिकमध्ये वेगळ्या नावांच्या वस्तू वेगळ्या असल्याच पाहिजेत असा नियमच नाही. तो आपण लिहायचा असतो: ‘लाल ≠ हिरवा’ आणि असंच प्रत्येक जोडीसाठी. ५० नावं असतील तर जोड्या १,२२५ होतात, म्हणून टीपीटीपीत ‘डिस्टिंक्ट’ ही सोय आहे. प्रोलॉग या प्रोग्रामिंग भाषेची सवय असलेल्यांची इथे आणखी एक गल्लत होते. जे लिहिलं नाही ते खोटं, असं प्रोलॉग धरून चालतो. फर्स्ट-ऑर्डर प्रूव्हर तसं धरत नाही. ‘रेल्वे स्टेशन असलेली गावं’ यादीने दिली आणि कन्जेक्चर ‘या गावाला स्टेशन नाही’ असं असेल, तर ‘यादीबाहेर कुठेही स्टेशन नाही’ हे वाक्यही लिहावं लागतं.

दुसरा नमुना याहून फसवा आहे. नैसर्गिक संख्यांची बेरीज दोन समीकरणांनी दिली, ‘उ’ म्हणजे पुढची संख्या:

० + य = य
उ(क्ष) + य = उ(क्ष + य)

सिद्ध करायचं आहे: प्रत्येक क्ष साठी क्ष + ० = क्ष. शाळकरी मुलालाही पटेल असं विधान. प्रूव्हर नेहमी विधान खोटं धरून विसंगती शोधतो, म्हणून तो ते नाकारतो, नवीन स्थिरांक क घेऊन ‘क + ० ≠ क’ लिहितो आणि पुढे त्याला करण्यासारखं काहीच उरत नाही. क हे ० ही नाही आणि उ(…) या आकाराचंही नाही, त्यामुळे एकही समीकरण लागू पडत नाही. शोध क्षणात संपतो आणि स्टेटस येतं ‘काउंटरसॅटिस्फायेबल’. ते बरोबरच आहे! या दोन समीकरणांतून हे विधान निघतच नाही, त्यासाठी इंडक्शन (० साठी खरं, आणि एका संख्येवरून पुढचीसाठी खरं, म्हणून सगळ्यांसाठी खरं) लागतं, आणि इंडक्शन हा एक अ‍ॅक्सियम नसून अ‍ॅक्सियमचा न संपणारा साचा आहे. उपाय असा की हव्या त्या विधानासाठी साच्यातलं एक वाक्य हाताने लिहून द्यायचं (∀ म्हणजे सगळ्यांसाठी, ∧ म्हणजे आणि, → म्हणजे तर):

[ ० + ० = ० ∧ ∀क्ष ( क्ष + ० = क्ष → उ(क्ष) + ० = उ(क्ष) ) ] → ∀क्ष ( क्ष + ० = क्ष )

एवढं दिलं की दोन-तीन पायऱ्यांत काम होतं. व्हॅम्पायरच्या अलीकडच्या आवृत्त्यांत इंडक्शनचा स्वतंत्र ऑप्शन आहे, पण त्यासाठी संख्या डेटाटाइप म्हणून घोषित केलेल्या असाव्या लागतात. याच प्रश्नात आणखी दहा-बारा अ‍ॅक्सियम असते तर शोध संपला नसता आणि ‘टाइमआउट’च दिसलं असतं. म्हणून मोजणी, यादीची लांबी, झाडाची उंची असं काही कन्जेक्चरमध्ये असेल तर सगळ्यात आधी इंडक्शनची शंका घ्या.

मॉडेल फाइंडरची एक मर्यादा लक्षात ठेवा. प्रत्येकाला वडील असतात, वडील हे पूर्वज असतात, पूर्वजाचा पूर्वज हा पूर्वज, आणि कोणीही स्वतःचा पूर्वज नसतो. या चार वाक्यांत विसंगती काहीच नाही, पण सांत मॉडेलही नाही, कारण वडिलांची साखळी सांत डोमेनमध्ये कधीतरी मागे वळणारच. अशा प्रश्नावर सांत मॉडेल फाइंडर आकार वाढवत बसेल आणि त्यातून काहीही कळणार नाही.

उलटी अडचण: सिद्धता डोळ्याचं पातं लवायच्या आत

दहा सेकंदांत येईल असं वाटलेली सिद्धता ०.०१ सेकंदात आली तर खूश होण्याआधी ती वाचा. ‘ई’मध्ये ‘प्रूफ-ऑब्जेक्ट’ ऑप्शन दिला की पायऱ्या छापल्या जातात, व्हॅम्पायर त्या स्वतःहूनच छापतो. नाकारलेलं कन्जेक्चर एकाही पायरीत आलं नसेल तर सिद्धता कन्जेक्चरची नाही, अ‍ॅक्सियमच एकमेकांच्या विरोधात आहेत. अशा फाइलमधून कुठलंही विधान ‘सिद्ध’ होतं. काही प्रूव्हर अशा वेळी स्वतःहून ‘कॉन्ट्राडिक्टरी अ‍ॅक्सियम्स’ म्हणतात, पण त्यावर विसंबू नका, कारण विसंगतीपर्यंतच्या वाटेत कन्जेक्चरचा क्लॉज सहज ओढला गेला तर हा इशारा येत नाही. खात्रीची चाचणी म्हणजे कन्जेक्चर काढून नुसते अ‍ॅक्सियम चालवायचे. ‘अनसॅटिस्फायेबल’ आलं तर सिद्धतेत वापरलेल्या अ‍ॅक्सियमपैकीच एखादा चुकीचा लिहिला आहे. ते बहुधा मूठभरच असतात, त्यामुळे चूक शोधणं सोपं जातं.

लिखाणातल्या नेहमीच्या चुका

टीपीटीपीत कॅपिटल अक्षराने सुरू होणारं नाव व्हेरिएबल आणि स्मॉल अक्षराने सुरू होणारं नाव स्थिरांक किंवा फंक्शन. क्वांटिफायरमध्ये (∀ ‘सगळे’ किंवा ∃ ‘काही’) कॅपिटल एक्स आणि पुढे सूत्रात स्मॉल एक्स लिहिला तर प्रूव्हर तक्रार करत नाही. तो ‘सगळ्यांसाठी’ सांगितलेली गोष्ट एका अनोळखी स्थिरांकाबद्दल समजतो, आणि अ‍ॅक्सियम निकामी होतो. प्रूव्हर९ मध्ये नियम वेगळा आहे: तिथे यू ते झेड या अक्षरांनी सुरू होणारी नावं व्हेरिएबल. ‘झीरो’ असं इंग्रजीत लिहिलेलं शून्य तिथे व्हेरिएबल ठरतं, आणि ‘सगळ्या संख्या शून्य’ असा गोंधळ होतो. ‘प्रोलॉग स्टाइल व्हेरिएबल्स’ ही सेटिंग चालू केली की सुटका.

त्याहून जास्त वेळ खाणारी चूक कंसाची आहे. टीपीटीपीत क्वांटिफायर लगेच पुढच्या तुकड्याला चिकटतो. म्हणजे

∀क्ष : विद्यार्थी(क्ष) → हुशार(क्ष)

हे प्रत्यक्षात ‘( ∀क्ष : विद्यार्थी(क्ष) ) → हुशार(क्ष)’ असं वाचलं जातं. उजवीकडचा क्ष मोकळा राहतो. काही प्रूव्हर एरर देतात, पण एरर येईलच असं धरू नका. क्वांटिफायरनंतर नेहमी पूर्ण कंस घाला, सूत्र कितीही छोटं असलं तरी.

‘काही विद्यार्थी हुशार आहेत’ हे लिहिताना बाणाचा वापर ही तिसरी चूक. ∃क्ष ( विद्यार्थी(क्ष) → हुशार(क्ष) ) हे डोमेनमध्ये एकजण जरी विद्यार्थी नसला तरी खरं ठरतं. ∃ सोबत ∧ आणि ∀ सोबत →. कन्जेक्चर अशा पद्धतीने लिहिलं तर ते फुकटात सिद्ध होतं, अ‍ॅक्सियम लिहिला तर काही कामाचा उरत नाही.

आणि कन्जेक्चर हाताने नाकारून पुन्हा ‘कन्जेक्चर’ याच रोलने देऊ नका. प्रूव्हर ते स्वतः नाकारतो. दोनदा नाकारलं की मूळ विधानाच्या उलट काहीतरी सिद्ध करायला तुम्ही सांगितलेलं असतं. हाताने नाकारायचंच असेल तर रोल ‘निगेटेड कन्जेक्चर’ द्या.

समानता: सगळ्यात मोठा फरक इथे पडतो

जुन्या पाठ्यपुस्तकी पद्धतीने ‘सम(क्ष, य)’ असं स्वतःचं प्रेडिकेट (नात्याचं नाव) करून समानतेचे अ‍ॅक्सियम लिहिलेल्या फाइली अजूनही दिसतात. प्रत्येक वस्तू स्वतःशी समान, अदलाबदल, साखळी हे तीन, आणि शिवाय प्रत्येक फंक्शनच्या आणि प्रेडिकेटच्या प्रत्येक जागेसाठी एकेक बदलीचा नियम (समान वस्तू तिथे घातली तरी चालते). दोन-दोन जागांची दहा फंक्शनं आणि दहा प्रेडिकेटं असतील तर एकूण ४३ वाक्यं. हे ४३ क्लॉज आपापसांत आणि बाकी सगळ्यांशी रिझॉल्व्ह होत (जोडीजोडीने नवीन क्लॉज बनवत) राहतात, आणि खरा प्रश्न त्या गर्दीत हरवतो.

जॉन अ‍ॅलन रॉबिन्सनने १९६५ मध्ये रिझोल्यूशन मांडलं, आणि १९६९ मध्ये जॉर्ज रॉबिन्सन (हा वेगळा) आणि वॉस यांनी समानतेसाठी पॅरामॉड्युलेशन आणलं ते याच त्रासावर. पुढे क्नुथ-बेंडिक्सच्या १९७० च्या रीतीतली ‘मोठं पद छोट्याने बदला’ ही कल्पना घेऊन बाखमायर आणि गान्झिंगर यांनी सुपरपोझिशन उभं केलं, आणि व्हॅम्पायर, ई, स्पास हे सगळे त्यावरच चालतात. म्हणून नेहमी प्रूव्हरचं स्वतःचं ‘=’ वापरा.

फायदा किती, हे एका छोट्या प्रश्नावर बघू. ग्रुपमधल्या (गुणाकारासारखी क्रिया असलेल्या बीजगणिती रचनेतल्या) प्रत्येक घटकाचा वर्ग एकक असेल तर ग्रुप कम्युटेटिव्ह (क्ष·य = य·क्ष) असतो. एककाला ‘इ’ म्हणू.

१. इ·क्ष = क्ष
२. क्ष·इ = क्ष
३. (क्ष·य)·ज्ञ = क्ष·(य·ज्ञ)
४. क्ष·क्ष = इ
५. अ·ब ≠ ब·अ (नाकारलेलं कन्जेक्चर)

३ मध्ये डावीकडच्या कंसात ४ बसवला की (क्ष·क्ष)·ज्ञ च्या दोन वाटा होतात, आणि मिळतं
६. क्ष·(क्ष·ज्ञ) = ज्ञ
४ मध्ये क्ष च्या जागी क्ष·य घालून ३ ने कंस उजवीकडे सरकवले की
७. क्ष·(य·(क्ष·य)) = इ
७ च्या दोन्ही बाजूंना डावीकडून क्ष लावला: एका बाजूने ६ मुळे य·(क्ष·य) उरतं, दुसऱ्या बाजूने क्ष·इ म्हणजे क्ष. म्हणून
८. य·(क्ष·य) = क्ष
पुन्हा तेच, ८ ला डावीकडून य लावून:
९. क्ष·य = य·क्ष

आणि ५ शी टक्कर. चार नवीन समीकरणं, आणि प्रत्येक टप्प्यावर मोठं पद छोट्यात विरघळतं. कुठलाही सुपरपोझिशन प्रूव्हर हे सेकंदाच्या अंशात करतो. हाच प्रश्न ‘सम’ने लिहिला तर वरच्या प्रत्येक ‘बसवला’मागे साखळीचा आणि बदलीचा नियम मिळून अनेक रिझोल्यूशन पायऱ्या लागतात. शिवाय ‘मोठं टाकून छोटं ठेवा’ ही सफाई मिळत नाही, कारण प्रूव्हरच्या दृष्टीने ‘सम’ हे ‘शेजारी’ किंवा ‘मित्र’सारखंच एक प्रेडिकेट.

समानता वापरूनही अडतं ते कम्युटेटिव्ह आणि असोसिएटिव्ह (कंस कुठेही घातले तरी चालणाऱ्या) दोन्ही असलेल्या फंक्शनवर. क्ष·य = य·क्ष या समीकरणाची कुठलीच बाजू मोठी नाही, त्यामुळे त्याला दिशा देता येत नाही. चार वेगळ्या घटकांचा गुणाकार १२० प्रकारे लिहिता येतो (कंस ५ प्रकारे, क्रम २४ प्रकारे). सहा घटकांचा ३०,२४०. हे सगळे प्रकार क्लॉज म्हणून साठू लागले की मेमरी संपते. यावर क्ष·(य·ज्ञ) = य·(क्ष·ज्ञ) हे जोडसमीकरण हाताने घालून बघा. या तिघांच्या जोरावर व्हेरिएबल नसलेली पदं एकाच ठरावीक रूपात येतात आणि जुळी पदं गळून पडतात.

ट्रान्झिटिव्ह नातं आणि फुगणारे क्लॉज

‘पूर्वज’, ‘लहान आहे’, ‘उपसंच आहे’ अशा नात्यांचा साखळी-नियम क्लॉजरूपात असा होतो (न म्हणजे ते नातं, ¬ म्हणजे नाही, ∨ म्हणजे किंवा):

¬न(क्ष, य) ∨ ¬न(य, ज्ञ) ∨ न(क्ष, ज्ञ)

हा क्लॉज स्वतःशीच रिझॉल्व्ह होतो. तीन लिटरलांचे (∨ ने जोडलेल्या तुकड्यांचे) चार, मग पाच, मग सहा. ही वाढ कधीच थांबत नाही आणि त्यात नवीन माहिती शून्य. सिलेक्टेड क्लॉजची यादी छापली आणि त्यात लांबच लांब ¬न…¬न… च्या ओळी दिसल्या की दुखणं हेच.

उपाय लिटरल सिलेक्शनमध्ये आहे. क्लॉजमध्ये निगेटिव्ह लिटरल असेल तर तेच निवडायचं, असं धोरण दिलं की वरच्या क्लॉजचा पॉझिटिव्ह भाग वापरायला बंदी होते, आणि स्वतःशी रिझॉल्व्ह होणं थांबतं. आता फक्त प्रत्यक्ष तथ्यं त्याला लागतात: न(अ, ब) मिळालं की ¬न(ब, ज्ञ) ∨ न(अ, ज्ञ), मग न(ब, क) मिळालं की न(अ, क). यात पूर्णता (सिद्धता असेल तर ती सापडण्याची हमी) कुठेही जात नाही. १०० घटकांची सरळ साखळी असेल तर एकूण ४,९५० तथ्यं होऊन मामला संपतो. ‘ई’मध्ये हे लिटरल सिलेक्शनच्या फंक्शनने ठरतं, व्हॅम्पायरमध्ये ‘सिलेक्शन’ या ऑप्शनच्या क्रमांकाने. दोन-तीन क्रमांक बदलून क्लॉजची संख्या किती पडते ते बघणं हा पाच मिनिटांचा खेळ आहे.

फुगवट्याचं दुसरं कारण क्लॉजरूपात जाताना घडतं. (अ१ ∧ ब१) ∨ (अ२ ∧ ब२) ∨ … अशा २० जोड्या सरळ वाटून काढल्या तर १०,४८,५७६ क्लॉज होतात. प्रत्येक जोडीला नवीन नाव दिलं तर फक्त ४१. सैतिनची ही युक्ती प्रूव्हरांत असतेच, पण किती मोठ्या सूत्रापासून लागू करायची याची सीमा बदलता येते: व्हॅम्पायरमध्ये ‘नेमिंग’, ई मध्ये ‘डेफिनिशनल सीएनएफ’. शोध सुरू व्हायच्या आधीच वेळ संपत असेल तर इथे बघा. एकात एक अडकवलेले ⇔ असतील तर मात्र स्वतःच मधली नावं देऊन सूत्र फोडा. सिद्धताही वाचनीय होते.

∃ ची जागाही महत्त्वाची. ∀क्ष ∀य च्या आत ∃ज्ञ असेल आणि ज्ञ चा संबंध फक्त य शी असेल, तर ∃ज्ञ शक्य तितका आत ढकला. नाहीतर ∃ च्या जागी येणाऱ्या स्कोलेम फंक्शनला विनाकारण दोन जागा मिळतात आणि प्रत्येक क्ष साठी नवीन पद जन्माला येतं.

अ‍ॅक्सियम हजारोंनी असतील तर

आँटॉलॉजीतून (संकल्पनांच्या मोठ्या संग्रहातून) किंवा आयसाबेलसारख्या सिद्धता-साधनातून आलेली फाइल असेल, तर सिद्धतेला लागणारे अ‍ॅक्सियम मूठभर आणि बाकी सगळी गर्दी. यासाठी होडर आणि व्होरोन्कोव्ह यांची ‘साइन’ ही निवडपद्धत आहे. ती कन्जेक्चरमधल्या चिन्हांपासून सुरू होते, प्रत्येक अ‍ॅक्सियममधलं सगळ्यात दुर्मीळ चिन्ह त्याचं ‘ट्रिगर’ मानते आणि ते चिन्ह पोहोचलं की अ‍ॅक्सियम आत घेते. डेप्थ (असं किती पायऱ्या पुढे जायचं) १ किंवा २ ने सुरुवात करा. सिद्धता न मिळाल्यास डेप्थ वाढवा, मग टॉलरन्स (‘दुर्मीळ’ची अट किती सैल) १ वरून २–३ कडे न्या. कन्जेक्चरमध्ये सगळी चिन्हं सर्रास येणारीच असतील (‘व्यक्ती’, ‘वस्तू’, ‘भाग’) तर साइन गोंधळते, कारण ती कुणाचंच ट्रिगर ठरत नाहीत. अशा वेळी लागणार हे नक्की असलेले पाच-दहा अ‍ॅक्सियम हाताने निवडलेले बरे. आणि निवड चालू असताना ‘सिद्धता नाही’ असा निष्कर्ष कधीच काढू नका. वगळलेल्यांत नेमका हवा तो अ‍ॅक्सियम असू शकतो.

आता स्ट्रॅटेजी, आणि मग वेळ

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर एकाच स्ट्रॅटेजीला जास्त वेळ देण्याऐवजी अनेकींना थोडा थोडा द्या. व्हॅम्पायरमध्ये ‘मोड कॅस्क’, ई मध्ये ‘ऑटो-शेड्यूल’. दहा स्ट्रॅटेज्या दहा-दहा सेकंद हे एक स्ट्रॅटेजी शंभर सेकंद यापेक्षा जवळजवळ नेहमीच फायद्याचं. योग्य स्ट्रॅटेजीला सिद्धता लवकर मिळते, अयोग्य स्ट्रॅटेजीचा ढीग दर मिनिटाला नुसता उंच होत जातो.

तरीही अडलं तर हाताने फिरवायचा पहिला स्क्रू म्हणजे वय आणि वजनाचं प्रमाण. प्रूव्हर वाट बघणाऱ्या क्लॉजमधून एकेक उचलतो, कधी सगळ्यात जुना, कधी सगळ्यात हलका (वजन म्हणजे ढोबळमानाने चिन्हांची संख्या). फक्त वजनावर चाललं तर एखादा जड पण गरजेचा क्लॉज तळाशीच राहतो. वय:वजन १:१, १:५ आणि १०:१ अशी तीन प्रमाणं चालवून बघा. सोबत उचललेले पहिले २०० क्लॉज छापून डोळ्यांखालून घाला. उ(उ(उ(उ(…)))) अशी उतरंड दिसली तर एखादा ‘पुढचा’ प्रकारचा अ‍ॅक्सियम बेलगाम सुटलाय, वजनाला झुकतं माप द्या. एकमेकांशी व्हेरिएबल न वाटणाऱ्या तुकड्यांचे लांब क्लॉज दिसले तर अवतार स्प्लिटिंग (असे क्लॉज फोडण्याची व्हॅम्पायरची सोय) चालू आहे ना ते बघा. आकडेवारीत उचललेले क्लॉज दोन हजार आणि वाट बघणारे दहा लाख असतील, तर रांगेच्या शेवटी असलेल्या क्लॉजचा नंबर कधीच लागणार नाही.

वेळेबद्दल एक विचित्र गोष्ट. व्हॅम्पायरची ‘एलआरएस’ ही पद्धत उरलेल्या वेळात ज्यांचा नंबर लागणार नाही असे क्लॉज आधीच टाकून देते. म्हणजे वेळमर्यादा बदलली की शोधच बदलतो. ३० सेकंदांत मिळालेली सिद्धता ३०० सेकंद दिल्यावर गायब होणं अशक्य नाही, आणि दुसऱ्या मशीनवरही तेच होऊ शकतं. तीच सिद्धता पुन्हा हवी असेल तर सॅच्युरेशन अल्गोरिदम ‘डिस्काउंट’ किंवा ‘ऑटर’ ठेवा.

लांब शोध कधीच फळत नाहीत असं नाही. रॉबिन्स अल्जेब्रा बूलियन असतात हा १९३० च्या दशकातला प्रश्न मॅक्यूनच्या ‘ईक्यूपी’ या प्रूव्हरने १९९६ मध्ये सुमारे आठ दिवसांच्या शोधात सोडवला. पण तो शुद्ध समीकरणांचा प्रश्न होता, प्रूव्हर त्याच कामासाठी घडवलेला होता, आणि बूलियन ठरायला पुरेशी अशी एक छोटी अट आधीच्या गणितींनी शोधून ठेवली होती. मशीनने ती अट गाठली.

तीच युक्ती आपल्याला छोट्या प्रमाणावर वापरता येते. कन्जेक्चरची कागदावरची सिद्धता चार-पाच टप्प्यांत मांडा. प्रत्येक टप्पा वेगळ्या फाइलमध्ये कन्जेक्चर म्हणून द्या, आधीचे सिद्ध झालेले टप्पे अ‍ॅक्सियम म्हणून घाला आणि प्रत्येकाला ३० सेकंद द्या. जो टप्पा अडेल त्याच्यावर पुन्हा मॉडेल फाइंडर चालवा. मॉडेल मिळालं तर त्या टप्प्यापाशीच एखादा अ‍ॅक्सियम राहिला आहे. नाही मिळालं तर तो टप्पा आणखी दोन भागांत तोडा. सगळे सुटल्यावर मधले टप्पे एकेक करून काढत मूळ फाइलपर्यंत परत जा. ज्याला काढलं की टाइमआउट येतो तो टप्पा फाइलमध्ये लेमा म्हणून कायम ठेवा.